गरिबाच्या घरात बिस्किटाचा पुडा येतो, दूध का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : गावातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना फुकट रेशन मिळतं, अंगणवाडीतून पोषण आहार मिळतो, तरी मुलं हडकुळी का आणि बायकांच्या अंगात रक्त का नाही? हातात पैसे आले की पोराला बिस्किटाचा पुडा घेतात, दूध-अंडी घेत नाहीत. मग हा पैशाचा प्रश्न की अडाणीपणाचा?

माझं उत्तर स्पष्ट आहे. अडाणीपणाचा भाग फार थोडा. या माणसांचा हिशेब बहुतेक वेळा आपल्यापेक्षा पक्का असतो. त्यांच्यापुढे मांडलेलं गणितच असं आहे की त्याचं उत्तर बिस्किट येतं. ते गणितच आधी मांडून दाखवते.

प्राधान्य गटाच्या शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदय (सर्वांत गरीब घरांचं) कार्ड असेल तर घरटी ३५ किलो, घरात माणसं कितीही असोत. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच माणसांच्या घरात २५ किलो म्हणजे दिवसाला माणशी १६७ ग्रॅम, आणि त्यातून मिळतात साधारण ५७० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे जड अंगमेहनत करणाऱ्या बाईला दिवसाला २,७२० आणि पुरुषाला ३,४७० कॅलरी लागतात. ऊस तोडणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं ही जड मेहनतच. म्हणजे फुकट रेशन त्या बाईच्या गरजेचा जेमतेम पाचवा हिस्सा भागवतं. उरलेले चार हिस्से विकतच आणावे लागतात. ‘सगळं फुकट मिळतं’ हे वाक्य ऐकलं की हा पाचवा हिस्सा आठवा.

नवरा, बायको आणि तीन लहान मुलं धरली तर घराला रोज सुमारे १०,००० कॅलरी लागतात. रेशनमधून २,८५० आल्या. बाकी सात हजारांच्या वर बाजारातून आणायच्या. आता १०० रुपयांत काय येतं ते पाहा. मी ढोबळ भाव धरलेत : सुटा तांदूळ ४० रुपये किलो, साखर ४४, तूरडाळ १३०, तेल १४० रुपये लिटर, दूध ५६, अंडं ७ रुपये, बिस्किटाचा ५ रुपयांचा पुडा ५० ग्रॅमचा. तुमच्या गावच्या भावानं आकडे बदलून बघा, चित्र फारसं बदलणार नाही. १०० रुपयांच्या साखरेत ९,००० कॅलरी, तांदळात ८,७०० च्या आसपास, तेलात ५,८००, बिस्किटांत ४,५००, तूरडाळीत २,५००, दुधात १,२००, अंड्यांत १,०००. भाजीत त्याहूनही कमी. त्या सात हजार कॅलरी तांदळातून आणायच्या तर रोज ८० रुपये लागतात, दुधातून आणायच्या तर ६०० च्या जवळ. ज्या घरात पोट भरण्याचीच खात्री नाही, तिथे माणूस आधी तांदूळ, साखर आणि तेल घेणार. तुम्ही-मीही तेच घेतलं असतं.

यात एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ‘डाळ खा, प्रथिनं मिळतील’ हा सल्ला रुपयांत मोजला तर लंगडा पडतो. १०० रुपयांच्या तांदळात (अडीच किलो) १९० ग्रॅम प्रथिनं असतात, १०० रुपयांच्या तूरडाळीत १७०. नुसते ग्रॅम मोजले तर तांदूळच पुढे! फरक प्रथिनाच्या प्रतीत आहे. तांदूळ, गहू, ज्वारी यांच्या प्रथिनात लायसिन (शरीराला लागणारा प्रथिनाचा एक घटक) कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं. दोन्ही एका जेवणात आली की शरीराला दोन्हींचा उपयोग जास्त होतो. त्यासाठी तीन वाट्या धान्याला एक वाटी डाळ किंवा कडधान्य असं कच्चं प्रमाण धरतात. पाच माणसांचं कष्टकरी घर दिवसाला दोन किलो धान्य खात असेल तर डाळ ६५० ग्रॅम हवी, म्हणजे रोजचे ८५ रुपये. प्रत्यक्षात वाटीभर डाळीत तांब्याभर पाणी घालून दोन वेळची आमटी होते.

म्हणून तूरडाळीचा हट्ट सोडा, असं मी सांगते. अख्खे हरभरे ८० रुपये किलोनं मिळत असतील तर १०० रुपयांत सव्वादोनशे ग्रॅम प्रथिनं येतात. सोयाबीनच्या वड्या सुट्या घेतल्या तर ४०० ग्रॅमच्या वर. शेंगदाण्यात १८० ग्रॅम, आणि वर ४,००० कॅलरी. शेंगदाण्याचं कूट आमटीत, भाजीत, पोराच्या भातात कुठेही जातं आणि त्याला वेगळी चूल लागत नाही. एकच काळजी घ्या : काळपट, सुरकुतलेला, कडू लागणारा दाणा निवडून टाका. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर जी बुरशी येते तिचं विष भाजूनही पुरतं जात नाही. मटकी आणि हुलगेही चांगले, पण त्यांना भिजवायला रात्र आणि शिजवायला इंधन लागतं. इथेच पुढचा मुद्दा येतो.

बिस्किट का घेतात? कॅलरीमागे स्वस्त आहे हे एक. पण त्याचे खरे गुण वेगळेच आहेत. ते ५ रुपयांत मिळतं आणि मजुरी रोजच्या रोज हातात येणाऱ्याला ५ रुपयांतच खरेदी करता येते. ते नासत नाही, घरात फ्रिज नसतो. त्याला चूल लागत नाही. दीड वर्षाचं मूल ते स्वतःच्या हातानं खातं, भरवायला माणूस लागत नाही. आणि मूल ते नाकारत नाही. हा शेवटचा गुण फार मोठा आहे. तुमच्या घरी मुलानं नवी भाजी थुंकली तर दुसरं काही देता येतं. रोजंदारीवरच्या घरात नवा पदार्थ करून मुलानं खाल्ला नाही, तर ते पैसे आणि त्या वेळचं जेवण दोन्ही गेलं. असा धोका पत्करणं त्या घराला परवडत नाही. मूल काय खाईल याची खात्री असलेल्या वस्तूवर पैसे घालणं हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे, फक्त त्याची किंमत शरीर भरतं.

वेळेचंही तसंच. तोडणीची बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकऱ्या थापते, कोपीवरून (तोडणीवरच्या झोपडीतून) उसाच्या फडात जाते आणि मोळ्या भरून व्हायला रात्र होते. दोन वर्षांखालच्या मुलाला दिवसात चार-पाचदा थोडं थोडं भरवावं लागतं, कारण त्याचं पोट लहान. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिली मावतं. ते पाच वेळा भरवणार कोण? आठ-नऊ वर्षांची बहीण. तिची शाळा बुडते आणि बाळाच्या हातात बिस्किट येतं.

पैसे आटले की काय सुटतं याचा क्रमही ठरलेला असतो : आधी फळं, मग दूध, मग अंडी-मटण, मग भाजी आठवड्याच्या बाजारापुरती. मग डाळ पातळ होते. धान्य शेवटपर्यंत टिकतं, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला ‘पोट तर भरतंय’ असं वाटतं. घराच्या आतही क्रम असतो : आधी पुरुष, मग मुलं, मग सासू, आणि उरेल ते सून. भूक मारायला चहा आणि मशेरी. मशेरीकडे दुर्लक्ष करू नका. मुंबईत झालेल्या एका अभ्यासात गरोदरपणी तंबाखू किंवा मशेरी वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. जेवणाबरोबरच्या चहाचंही तेच. भाकरी-भाजीतलं लोह आधीच शंभरात पाच-आठ भागच अंगी लागतं, चहा त्यातलंही कमी करतो.

नुसत्या उत्पन्नानं सगळं उलगडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातली पाच वर्षांखालची ४६ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती. सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यातही हे प्रमाण २३ टक्के होतं. महाराष्ट्रात ३५.२ टक्के मुलं खुजी आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय. राज्य श्रीमंत आहे, पण हे आकडे श्रीमंत राज्याचे वाटत नाहीत.

मग पैशाशिवाय काय आहे? माणूस कुठे राहतो आणि गावात त्याची पत काय. अंगणवाडी मुख्य गावात असते आणि तांडा, पाडा किंवा दलितवस्ती ओढ्यापलीकडे. तीन वर्षांचं मूल एकटं तो ओढा ओलांडत नाही, आणि पावसाळ्यात तर कुणीच ओलांडत नाही. त्याच पावसाळ्यात आदिवासी घरातलं मागल्या वर्षीचं धान्य संपलेलं असतं, लावणीचं काम सगळ्यांत जड असतं आणि जुलाब-हिवताप जोरात असतात. मेळघाटात, पालघरच्या जव्हार-मोखाड्यात हे महिने मुलांच्या जिवावर बेततात. कातकरी कुटुंब वीटभट्टीवर दुसऱ्याच्या जमिनीत झोपडं टाकून राहतं. ‘परसबाग लावा’ हा सल्ला त्याला कसा देणार? टाकळा, कुरडू, भारंगी या रानभाज्या, खाडी-नदीतले मासे, खेकडे हा त्यांचा जुना आहार पौष्टिक होता. जंगल आटलं, धरण आलं, आणि जे उरलं त्याची मुलांना लाज वाटावी असं आपणच त्यांना शाळेत आणि बाजारात शिकवलं. नाचणी-वरईच्या जागी रेशनचा तांदूळ आला. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. तांदळात ते नाममात्र.

याचा शरीरावरचा परिणाम पिढी ओलांडून जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण ही तूट सगळीकडून सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव लहान राहिले होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. असं मूल दिसायला रोड असतं, पण रक्तातली साखर आवरायला त्याचं शरीर दुबळं असतं. पुढे स्वस्त तेल, साखर, मैदा मिळायला लागला की कमी वजनातच मधुमेह आणि रक्तदाब गाठतात. ‘गरिबाला कसला मधुमेह’ म्हणून त्याची साखर तपासायची राहते, आणि पायाची जखम चिघळल्यावर कळतं. याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. आईनं एकूण किती कॅलरी घेतल्या यापेक्षा पालेभाजी, फळं, दूध किती वेळा खाल्लं याच्याशी बाळाच्या आकारमानाचा संबंध जास्त होता. आणि शेतकाम, पाणी वाहणं अशी अंगमेहनत ज्यांना जास्त, त्यांची बाळं लहान. म्हणून गरोदर बाईचा हंडा दुसऱ्या कुणी उचलणं हाही पोषणाचाच उपाय आहे. तो सरकारी फलकावर लिहिलेला नसतो, इतकंच.

तुम्हाला काही करायचं असेल तर मी या क्रमानं करीन.

पहिलं काम कागदांचं. घरोघर शिधापत्रिका बघा आणि त्यावरची नावं मोजा. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर अडकलेलं असतं, धाकट्या दोन मुलांची नावं घातलेलीच नसतात. प्राधान्य गटाच्या कार्डावर दोन मुलांची नावं नसली तर महिन्याला १० किलो धान्य बुडतं, आणि ते मिळवायला एक रुपयाही लागत नाही. सुनेचं नाव आधी माहेरच्या कार्डावरून कमी करावं लागतं, त्याचा दाखला घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज. मुलांसाठी जन्मदाखला. कोयता धरून बोटांच्या रेषा झिजतात आणि दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. अशा वेळी दुसरं बोट किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाचं बोट लावून पाहायचं, आणि आधार केंद्रात ठसे नव्यानं घ्यायचे. तोडणीला गेल्यावर गावचं कार्ड बंद पडत नाही. कारखान्याजवळच्या दुकानातही त्याच कार्डावर धान्य घेता येतं, कर्नाटकातही. जाण्याआधी हे प्रत्येक कुटुंबाला सांगा. पावती मागायला शिकवा. पावतीवर किती किलो उचललं ते छापलेलं असतं.

दुसरं, बाळाचं जेवण घट्ट करा. यात पैसा जवळजवळ लागत नाही आणि फरक सगळ्यांत मोठा पडतो. डाळीचं वरचं पाणी आणि पातळ पेज हा बाळाच्या कुपोषणाचा राजमार्ग आहे. आईचं दूध चालू असताना, त्याखेरीज ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दिवसाला २०० कॅलरी वरच्या अन्नातून हव्यात, ९ ते ११ महिन्यांत ३००, त्यापुढे दोन वर्षांपर्यंत ५५०. पाण्यासारख्या पेजेतून त्या मिळवायला बाळाला लिटरभर प्यावं लागेल. खूण सोपी आहे : चमचा तिरका केला तर अन्न लगेच ओघळता कामा नये. घरच्यांसाठी शिजवलेल्या भातातून आणि घट्ट वरणातून तिखट घालायच्या आधी वाटीभर काढायचं, कुस्करायचं, चमचाभर तेल घालायचं. त्या एका चमच्यानं ४५ कॅलरी वाढतात. बाळाला घट्ट गिळवत नसेल तर नाचणीला मोड आणून, वाळवून, हलकं भाजून पीठ करून ठेवा. गरम घट्ट खिरीत त्याचं चमचाभर पीठ ढवळलं की दोन मिनिटांत खीर सैल होते, पाणी न घालता. मोडातला पाचक घटक पिठुळपणा तोडतो. मात्र फडक्यातून गाळून केलेलं नाचणीचं सत्त्व देऊ नका. गाळताना कॅल्शियम आणि प्रथिनांचा बराच भाग चोथ्याबरोबर जातो, आणि तोच हवा असतो.

अंगणवाडीतला घरी न्यायचा आहार दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं धरून दिलेला असतो. तो एका मुलाचा. घरी गेल्यावर तिघं भावंडं खातात, आणि आईनं वाटून देऊ नये असं तिला सांगायचा आपल्याला अधिकार नाही. तिघांचीही नावं आणि वयं तपासा, कुणाचा हक्क राहिलाय का बघा.

बायकांच्या लोहाच्या गोळ्या मिळतात, पण खाल्ल्या जात नाहीत. मळमळ होते, शौच काळी होते, बाई घाबरते आणि गोळ्या आढ्याला जातात. शौच काळी होणारच, हे आधीच सांगा. गोळी रात्री जेवल्यावर घ्यायची, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चालेल, चहा आणि गोळीत दोन तासांचं अंतर. गरोदरपणी कॅल्शियमची गोळीही असते. ती लोहाबरोबर कधीच नाही, तीही दोन तास लांब. नीट गोळ्या घेऊन महिन्याभरात हिमोग्लोबिन एक ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं. वाढलं नाही तर जंत आणि सिकलसेल (रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासा. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल बराच आढळतो आणि तिथे लोह देण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर वाट पाहू नका, दवाखाना.

जुलाबात खाल्लेलं वाहून जातं, आणि वारंवार जुलाब झाले की आतड्याचं अस्तरच खराब होतं. मग चांगलं अन्नही अंगी लागत नाही. मोठी ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, ४.२ ग्रॅमची छोटी २०० मिलीत. मोठ्या पुडीतली अर्धी पेलाभर पाण्यात घालणं ही नेहमीची चूक, त्यानं मूल आणखी सुकतं. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. आणि खाणं बंद करायचं नाही.

शेवटी, कोणतं मूल आज दवाखान्यात न्यायचं हे ओळखायला दंडघेराची पट्टी शिका. डावा हात सैल सोडून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पट्टी न आवळता. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ मध्ये मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबा. खळगा राहिला तर वजन कितीही असो, ते मूल तीव्र कुपोषितच. खळगा पडत असेल, ताप असेल, सुस्ती असेल किंवा खाणंच नको म्हणत असेल तर गावात उपचार करत बसू नका, पोषण पुनर्वसन केंद्रात न्या. तिथे साधारण १४ दिवस राहावं लागतं. बऱ्याच आया मुदतीआधीच निघून येतात, कारण घरी दुसरी मुलं असतात आणि मजुरी बुडत असते. म्हणून नेण्याआधीच मागच्या मुलांचं जेवण कोण बघणार ते ठरवा, टोळीच्या मुकादमाशी बोलून घ्या, आणि केंद्रात पोचल्या दिवशीच बुडीत मजुरीचा अर्ज व तिचं बँक पासबुक देऊन टाका.